पानावरची छिद्रं उघडमीट कशी करतात, हे कळायला लागलेली तीन शतकं

पानाच्या सालीत बारीक छिद्रं असतात, म्हणजे पर्णरंध्रं किंवा स्टोमाटा, हे माल्पिगी आणि नेहेमाया ग्रू यांनी 17व्या शतकातच मायक्रोस्कोपखाली बघून ठेवलं होतं. पण दिसणं वेगळं आणि त्यांचं काम कळणं वेगळं. 1727 मध्ये स्टीफन हेल्सने कुंडीतल्या सूर्यफुलाचं वजन करून झाड पानांतून किती पाणी उडवतं ते मोजलं, तरी त्या पाण्याला आवर कोण घालतं ते गुलदस्त्यातच राहिलं.

1856 मध्ये ह्युगो फॉन मोलने छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींकडे बोट दाखवलं. पाणी भरून त्या फुगल्या की फट उघडते, सैल पडल्या की मिटते. बरोबरच होतं ते, पण मोठी अडचण अशी की पानाचा पापुद्रा सोलून बघायला गेलं की शेजारच्या पेशींचा दाबच बदलतो, मग जिवंत पानात काय चाललंय ते कसं ओळखायचं?

इथे फ्रान्सिस डार्विन (हो, चार्ल्स डार्विनचा मुलगा) मला सगळ्यात भारी वाटतो. 1898 मध्ये त्याने शिंगाची अगदी पातळ पट्टी घेऊन ती पानाला टेकवली, रंध्रं उघडी असली की बाहेर येणाऱ्या वाफेने पट्टीची खालची बाजू फुगते, पट्टी वाकते आणि काटा वर सरकतो, बस एवढंच यंत्र. तेवढ्यावर त्याने दाखवलं की अंधार केला की रंध्रं मिटायला लागतात, हवा कोरडी झाली तरी तेच. पुढे 1911 मध्ये डोरोथिया पर्ट्झबरोबर त्याने पोरोमीटर केला, म्हणजे पानावर काचेची छोटी डबी चिकटवायची आणि पानातून हवा किती सहज खेचली जाते ते बघायचं.

पण पेशी फुगतात कशामुळे? बरीच वर्षं उत्तर ठरलेलं होतं, स्टार्चची साखर होते म्हणून. जपानमध्ये इमामुराने 1943 मध्येच पोटॅशियमचा धागा पकडला होता (ते पेशीत शिरलं की मागोमाग पाणी आत ओढलं जातं), पण तिकडे फारसं कोणी बघितलं नाही, 1968 मध्ये फिशरने सोललेल्या पापुद्र्यावर तेच दाखवलं तेव्हा कुठे लोकांना पटलं. लगेच पुढच्या वर्षी गव्हाची पानं कोमेजली की त्यांच्यात अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड हे झाडातलं संप्रेरक (हार्मोन) भराभर वाढतं हे सापडलं आणि दुष्काळात दार लावायचा निरोप कोण देतं ते कळलं, मात्र तो निरोप ओळखणारे पेशींतले रिसेप्टर थेट 2009 मध्ये हाती लागले.

हे सगळं मिनिटा-तासांचं झालं. 1987 मध्ये वुडवर्डने हर्बेरियममधली (म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातली) जुनी वाळलेली पानं काढून रंध्रं मोजली, तर 200 वर्षांत त्यांची दाटी सुमारे 40 टक्क्यांनी घटलेली! हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की नवी पानं रंध्रंच कमी बनवतात. आता हाच हिशोब उलटा लावून जीवाश्म पानांवरून लाखो वर्षांपूर्वीच्या हवेचा अंदाज काढतात.