बशीतल्या हृदयपेशींचं वय

बशीत वाढवलेल्या हृदयपेशी धडधडू लागल्या की प्रयोगशाळेत कोणालाही आनंद होतो. पण याच धडधडीने संशोधकांना शंभर वर्षं चकवलंही आहे.

माँट्रोझ बरोज यांनी १९१० च्या सुमारास कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचा कण रक्तद्रवाच्या थेंबात ठेवला, आणि शरीराबाहेरही त्याचे ठोके चालू राहिले. हे तंत्र न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सिस कॅरेल यांनी उचललं. १७ जानेवारी १९१२ ला त्यांनी सुरू केलेलं संवर्धन, म्हणजे शरीराबाहेर वाढवत ठेवलेल्या पेशी, ‘अमर हृदय’ म्हणून गाजलं. कॅरेल १९४४ मध्ये वारले, संवर्धन १९४६ पर्यंत चाललं. त्यातले ठोके मात्र सुरुवातीच्या काही महिन्यांतच थांबले होते. ३४ वर्षं वाढत राहिल्या त्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे हृदयाच्या सांगाड्याला बांधून ठेवणाऱ्या पेशी. स्नायू केव्हाच गळून गेला होता! पुढे १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड या संशोधकांनी मानवी फायब्रोब्लास्ट पन्नासेक विभाजनांनंतर थांबतात हे दाखवलं, तेव्हा त्या अमरत्वावरही शंका आली.

खरी अडचण ही की जन्मानंतर हृदयस्नायूच्या पेशी जवळपास विभागत नाहीत. त्यामुळे साठच्या दशकापासून नवजात उंदरांची हृदयं ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने विरघळवून पेशी सुट्या करायची, हाच मार्ग होता. दर प्रयोगाला नवी पिल्लं. मानवी पेशींसाठी मूलपेशींची, म्हणजे कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशींची, वाट पाहावी लागली. मानवी भ्रूणाच्या मूलपेशी १९९८ मध्ये वेगळ्या झाल्या, २००१ मध्ये इस्रायलमधल्या हैफाच्या संशोधकांनी त्यांच्यापासून धडधडणाऱ्या हृदयपेशी मिळवल्या. २००७ मध्ये जपानी संशोधक यामानाका यांनी प्रौढ माणसाच्या त्वचेच्या पेशींनाच मूलपेशींच्या अवस्थेत परत नेलं, आणि भ्रूणाची गरज संपली. मग २०१२ च्या सुमारास एक सोपी युक्ती हाती आली: डब्ल्यूएनटी हा पेशींमधला संदेशमार्ग आधी चेतवायचा, काही दिवसांनी दाबायचा. गर्भात हृदय घडतानाही हाच चढउतार होतो.

पेशी मुबलक झाल्या, पण त्या गर्भातल्याच वयाच्या निघाल्या. प्रौढ पेशींसारख्या लांबट नाहीत, विजेचा इशारा पेशीत खोलवर नेणाऱ्या टी-नलिका नाहीत, इंधन मुख्यतः ग्लुकोज. प्रौढ हृदय चरबीवर चालतं. शिवाय निलयाची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याची, प्रौढ पेशी आपणहून धडधडत नाही, विजेच्या इशाऱ्याची वाट पाहते. ज्या धडधडीने आनंद व्हायचा, तीच अपरिपक्वतेची खूण ठरली.

२०१८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने कोवळ्या पेशींपासून ताणलेल्या ऊती बनवल्या आणि विजेच्या झटक्यांचा वेग रोज थोडा वाढवत त्यांना जणू तालमीत घातलं. चार आठवड्यांत टी-नलिका दिसू लागल्या. तरीही त्या पूर्ण प्रौढ झाल्या नव्हत्या.