संमतीशिवाय अ‍ॅडमिशन (मानसिक आजार आणि व्यसन)

मानसिक आजार किंवा व्यसन असलेल्या माणसाला, तो नको म्हणत असतानाही दवाखान्यात ठेवणं म्हणजे संमतीशिवाय अ‍ॅडमिशन. याबद्दल आपल्याकडे दोन समजुती घट्ट बसल्यात. एक, यासाठी कोर्टाची ऑर्डर आणावीच लागते, आणि दुसरी, बायकोने नाहीतर भावाने सही केली की काम झालं. दोन्ही चूक. भारतात हे सगळं आता मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली चालतं, तो २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्यात कोर्ट दारावर उभं नसतं. दारावर डॉक्टर आणि पेशंटचा प्रतिनिधी, त्यांच्या मागे एक बोर्ड, आणि काही बिनसलं तर मग कोर्ट.

पूर्वी बरोब्बर उलटं होतं. इंग्रजांच्या १९१२ च्या लुनॅसी अ‍ॅक्टमध्ये मॅजिस्ट्रेटची रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे माणसाला आत ठेवून घ्यायचा हुकूम, हाच मुख्य रस्ता होता. नातेवाइकांचा अर्ज, दोन डॉक्टरांची सर्टिफिकेटं, मॅजिस्ट्रेटची सही, की माणूस आत. बाहेर कधी, हा प्रश्न कुणाच्या टेबलावर नसायचा. १९८७ चा मेंटल हेल्थ अ‍ॅक्ट (लागू व्हायला १९९३ उजाडलं) आला तेव्हा 'लुनॅटिक' शब्द गेला पण रिसेप्शन ऑर्डर राहिलीच, शिवाय नातेवाइकांच्या अर्जावर आणि दोन डॉक्टरांच्या दाखल्यावर ९० दिवसांपर्यंत कोर्टाशिवाय ठेवायची सोयही झाली. 'येरवड्याला पाठवू का' किंवा 'ठाण्याला न्यायला पाहिजे याला' हे आपण चेष्टेत म्हणतो ना, ते या काळातनंच आलेलं असणार, कारण तिकडे गेलेला माणूस परत येतो असं कुणी फारसं बघितलेलंच नव्हतं.

या काळातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. १९९३ मध्ये शीला बारसे यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गुन्हा केलेला नसताना मनोरुग्णांना जेलमध्ये ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. पश्चिम बंगालच्या जेलांमध्ये अशी माणसं वर्षानुवर्षं पडून होती. दुसरी एरवाडीची. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी 'मेंटल होम'ला आग लागली आणि २८ जण गेले. ते पळू शकले नाहीत कारण त्यांना साखळीने बांधून ठेवलेलं होतं. सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. पुढे २००७ मध्ये भारताने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, आणि कायदा बदलणं भाग पडलं.

नव्या कायद्यात रिसेप्शन ऑर्डर नाही. कलम ८९ खाली जी होते तिला 'सपोर्टेड अ‍ॅडमिशन' म्हणतात, जास्तीत जास्त ३० दिवस. त्यासाठी पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, आणि दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेलं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, तेही अ‍ॅडमिशनच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. नुसतं 'आजार आहे' एवढ्यावर भागत नाही. त्याने नुकतीच स्वतःला इजा करायची धमकी दिलीय किंवा प्रयत्न केलाय, किंवा दुसऱ्याशी हिंसक वागलाय नाहीतर दुसऱ्याला त्याची भीती वाटावी असं वागलाय, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही इतका की त्याला इजा होण्याचा धोका आहे, यातलं काहीतरी दिसायला हवं. घरी ठेवून, ओपीडीत दाखवून भागत असेल तर अ‍ॅडमिशन नाही. आणि सात-सात दिवसांनी पुन्हा बघायचं, हा माणूस आता स्वतःचा निर्णय घेऊ शकतो का. घेऊ शकत असेल तर तो जाऊ शकतो.

प्रतिनिधी कोण हे पेशंट स्वतः आधी ठरवू शकतो, आणि त्यासाठी स्टॅम्प पेपर, नोटरी काही लागत नाही, साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा, बस. आपल्या देशात साध्या कागदावर होणारं काम म्हणून तरी लोकांनी हे करून ठेवायला हरकत नाही, पण करतं कोण.

बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, बाकीच्यांचं सात दिवसांत हॉस्पिटलने बोर्डाला कळवायचं. हे बोर्ड म्हणजे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश, कलेक्टरचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोन सदस्य असे जे स्वतः आजारातून गेलेत किंवा पेशंटला सांभाळतात किंवा त्यांच्या संस्थेतले आहेत. हा शेवटचा भाग मला कायद्यातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. ३० दिवसांपुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञ लागतात आणि बोर्डाने २१ दिवसांत हो-नाही सांगायचं, मग मुदत ९० दिवस, पुढे १२०, त्यापुढे दर वेळी १८०. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर हायकोर्टात अपील, ३० दिवसांत.

मॅजिस्ट्रेट पूर्ण गेलेला नाही. समजा एसटी स्टँडवर एक माणूस चार दिवस फिरतोय, कपडे फाटलेत, स्वतःशीच बोलतोय, गाडीखाली येता येता वाचला. स्टँडवरच्या टपरीवाल्याने पोलिसांना फोन केला. कलम १०० प्रमाणे ठाणे अंमलदाराने त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, आणि तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरचे शोधायचे. आणि कुणाचे घरचेच छळत असतील किंवा टाकून दिलं असेल तर पोलिसांनी मॅजिस्ट्रेटला कळवायचं. मॅजिस्ट्रेटसमोर असा माणूस आला की तो सरकारी मनोरुग्णालयात तपासणीसाठी पाठवू शकतो, फार तर दहा दिवस. जुन्या रिसेप्शन ऑर्डरचं एवढंच शेपूट उरलंय.

बाकी कोर्टांचं काम मुख्यतः चुका झाल्यावरचं. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने एका सज्ञान तरुणीच्या केसमध्ये, जिला आईवडिलांनी पोलिसांच्या मदतीने तिच्या गुरूच्या घरातून उचलून मनोरुग्णालयात नेलं होतं, हे बेकायदा ठरवून नुकसानभरपाई दिली. महाराष्ट्रात जुलै २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्य सरकारला बजावलं की बऱ्या झालेल्या पेशंटना मनोरुग्णालयातून काढून भिक्षेकरी गृहात, वृद्धाश्रमात टाकणं ताबडतोब थांबवा. म्हणजे आत घेणं आता अवघड झालंय, पण बाहेर आल्यावर जायचं कुठे याचं उत्तर कायद्यात लिहिलेलं असूनही जमिनीवर नाही. मुंबई हायकोर्टातही मानसोपचारतज्ज्ञ हरीश शेट्टी यांच्या याचिकेत ठाण्यातल्या पेशंटचा विषय आला, कितीतरी वर्षं आत राहिलेल्या.

आता व्यसन. त्यासाठी वेगळा सक्तीचा कायदा नाही. २०१७ च्या कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्था धरल्यात, म्हणून वरचे सगळे नियम तिथेही लागू. नुसतं पितो, पगार उडवतो, एवढ्यावर कुणाला बंद करता येत नाही. ड्रग्जच्या केसमध्ये एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ३९ खाली कोर्ट सेवन किंवा थोड्या मालाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं, पण त्याच्या संमतीने, आणि बाँड लिहून घेऊन. कलम ६४अ प्रमाणे तो स्वतःहून उपचाराला गेला तर खटल्यापासूनच सूट, उपचार अर्धवट सोडले तर ती जाऊ शकते. दारू एनडीपीएसमध्ये येतच नाही.

तरीही प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना माहितीये. रात्री गाडी येते, त्यात चार धट्टेकट्टे, घरच्यांनी दार उघडून दिलेलं, आणि माणूस सहा महिने 'सेंटर'ला. सेंटरला परवानगी आहे का, डॉक्टर कधी येतो, कुणी विचारत नाही कारण घरचेही पार दमलेले असतात, त्यांच्या बाजूने बघितलं तर तेही खोटं नाही. पण बहिणीने किंवा मित्राने हायकोर्टात हेबिअस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा अशी याचिका, टाकली की सगळं कागदावर येतं. कुणी तपासलं, कोणत्या तारखेला, अर्ज कुणाचा, बोर्डाला कळवलं का. मग सेंटरवाल्याला त्या माणसाबरोबर रजिस्टरही घेऊन कोर्टात यावं लागतं.