चिठ्ठी, लोकर आणि मनाची शांती

३१ डिसेंबरच्या रात्री, बारा वाजायच्या थोडे आधी, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक ताटली फिरते. ताटलीत वळलेल्या चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येकीवर पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, एकेक वचन. हाताला जी येईल ती त्या माणसाची वर्षभराची. बारावीला बसलेली मुलगी, लेकीसाठी स्थळ बघणारे आईबाप, आखातातली नोकरी घ्यावी की नाही या विचारात पडलेला तरुण, सगळे ती चिठ्ठी तिथेच बाकावर उलगडतात. माझ्या आजीच्या शास्त्रात अशा चिठ्ठ्या पानापानांत सापडायच्या. मागे पेन्सिलीने साल आणि एखादा शब्द: ‘घर’, ‘ऑपरेशन’, ‘धाकट्याची नोकरी’.

वचनाची चिठ्ठी जवळ ठेवून प्रार्थना करणे वेगळे आणि त्या चिठ्ठीवर निर्णय टाकून मोकळे होणे वेगळे. हा फरक ख्रिस्ती मंडळीला सहजासहजी कळलेला नाही. त्यासाठी शतके गेली, मोठमोठी माणसे चुकली, काहींनी आपल्या चुका स्वतःच लिहून ठेवल्या. लग्न, नोकरी, शिक्षण, गाव सोडणे असा प्रश्न समोर आला की आपणही त्याच जुन्या फाट्यावर येऊन उभे राहतो, म्हणून ती वाट माहीत असलेली बरी.

सुरुवात चिठ्ठ्यांपासूनच होते. जुन्या करारात प्रमुख याजकाच्या न्यायाच्या ऊरपटात उरीम व थुम्मीम ही कौल घेण्याची साधने ठेवलेली असत आणि त्यांच्याद्वारे परमेश्वराला प्रश्न विचारला जाई. कनान देशाची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली. ‘पदरात चिठ्ठ्या टाकतात, पण निर्णय परमेश्वराकडून होतो’ अशा अर्थाचे नीतिसूत्रही आहे. शत्रूशी लढायला देवाने निवडलेल्या गिदोनाने खूण म्हणून टाकलेली लोकर तर सगळ्यांना ठाऊक आहे: एका रात्री लोकर ओली आणि जमीन कोरडी, दुसऱ्या रात्री जमीन ओली आणि लोकर कोरडी. ‘मी देवासमोर लोकर टाकली आहे’ असे आजही बोलले जाते. पण गिदोनाने काय करायचे हे देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितले होते. लोकर टाकली ती भीतीपोटी, आणि देवाने त्याची भीती समजून घेतली. तो प्रसंग देवाच्या सहनशीलतेचा आहे. निर्णय घेण्याची पद्धत म्हणून तो लिहिलेला नाही, असे माझे ठाम मत आहे.

नव्या करारात चिठ्ठी एका महत्त्वाच्या वळणावर येते. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडायचा होता. शिष्यांनी दोन नावे पुढे केली, प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचे नाव निघाले. पुढच्याच अध्यायात पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरतो, आणि त्यानंतर ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक संपेपर्यंत कोणी चिठ्ठी टाकत नाही. अंत्युखियाची मंडळी उपवास आणि उपासना करत असताना बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळे करण्याची आज्ञा येते. यरुशलेमेत मोठा वाद होतो, सगळे बोलतात, ऐकतात, आणि पत्रात लिहितात की पवित्र आत्म्याला व आम्हांला असे योग्य वाटले. पौलाला आसिया प्रांतात जाऊ दिले जात नाही, बिथुनियाचीही वाट बंद होते, आणि मग त्रोवसात रात्री मासेदोनियाचा माणूस दिसतो. तेव्हाही या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो की आम्ही असे अनुमान केले. दर्शन एकाला झाले, अर्थ मात्र सोबत्यांनी मिळून लावला.

तरी माणसाला हातात धरता येईल असे उत्तर हवेच असते. इ.स. ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत, रडून थकलेल्या ऑगस्टीनला, पुढे मोठा धर्मगुरू झालेल्या माणसाला, शेजारून एका लेकराचा आवाज ऐकू आला: ‘घे, वाच.’ त्याने पौलाची पत्रे उघडली, रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावर नजर पडली आणि त्याचे आयुष्य बदलले. ही गोष्ट ऐकून कितीतरी लोकांनी डोळे मिटून शास्त्र उघडले असेल! पण त्याच ऑगस्टीनने पुढे एका पत्रात लिहिले की भुताखेतांना विचारण्यापेक्षा लोकांनी शुभवर्तमानाच्या पानांतून कौल काढलेला बरा, तरीही प्रपंचाच्या कामांसाठी देववचनाचा असा वापर मला आवडत नाही. त्याचा अनुभव त्याच्यासाठी खरा होता, पण त्याने त्याची रीत होऊ दिली नाही. रीत पडलीच तेव्हा मंडळीला बंदी घालावी लागली: ५०६ साली दक्षिण फ्रान्समधल्या आग्द येथील धर्मसभेने शास्त्राच्या नावाखाली भविष्य पाहणाऱ्यांना मंडळीबाहेर काढण्याचा ठराव केला.

यानंतरचा मोठा टप्पा एका जखमी सैनिकाचा आहे. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियस लोयोलाचा पाय मोडला. अंथरुणावर वाचायला शौर्यकथा हव्या होत्या, पण घरात मिळाले ते ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्ने रंगवू लागला. एकात तो दरबारात एका थोर स्त्रीची सेवा करतो, दुसऱ्यात अनवाणी यरुशलेमेला जातो. दोन्हींत रंगून जायला त्याला आवडे. मात्र पहिले संपले की मन कोरडे पडे आणि दुसरे संपल्यावरही आनंद टिकून राही. हा फरक त्याने टिपून ठेवला, आणि त्याच्या पुढच्या सगळ्या शिकवणुकीचे बीज इथेच आहे.

पण तोही एका दिवसात शिकला नाही. १५२२ मध्ये मोंत्सेरातच्या वाटेवर एका मूर मुसलमानाशी त्याचा मरियेवरून वाद झाला. माणूस पुढे निघून गेला आणि याचे डोके तापले: मागे जाऊन त्याला खंजीर मारावा की सोडून द्यावे? ठरेना. शेवटी त्याने खेचराचा लगाम सैल सोडला. फाट्यावर खेचर गावाकडे वळले तर मारायचे, हमरस्त्याने गेले तर सोडायचे. गावाची वाट रुंद आणि चांगली होती, गाव अगदी समोर होते, तरी खेचर हमरस्त्याने गेले. एका माणसाचा जीव आणि दुसऱ्याचा आत्मा खेचराच्या चालीवर टांगलेला होता! पुढे आत्मचरित्र सांगताना इग्नेशियसने हा प्रसंग लपवला नाही.

मानरेसा गावी महिनोन्‌महिने प्रार्थनेत घालवून त्याने जी आध्यात्मिक साधना लिहायला घेतली तिला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. तिच्यात निर्णयासाठी अगदी घरगुती वाटावेत असे उपाय आहेत. ज्याला कधी पाहिले नाही असा माणूस हाच प्रश्न घेऊन तुझ्याकडे आला तर त्याला काय सांगशील? मृत्यूच्या घटकेला कोणता निर्णय घेतला असता तर बरे वाटेल? दोन्ही बाजूंची कारणे मांड, तोल, आणि ठरवलेले देवापुढे ठेवून त्याची पुष्टी माग. आणखी एक नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: मन उदास, कोरडे, अंधारात असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. किती घरे या एका नियमाने वाचली असती.

हीच शिकवण त्याच्या सोबत्यामार्फत आपल्या किनाऱ्यावर आली. फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरला. तीन वर्षांनी त्याच्यापुढे पेच उभा राहिला: भारतातच थांबावे की पूर्वेच्या बेटांकडे निघावे? तो मैलापूरला, प्रेषित थोमाच्या कबरीपाशी गेला आणि तिथे महिनोन्‌महिने राहून प्रार्थना केली. मलाक्केकडे जावे ही देवाची इच्छा असल्याची त्याला आतून खात्री पटली, तसे त्याने तिथूनच पत्रात कळवले. निर्णयासाठी झेवियरसारखा धडाडीचा माणूसही इतका थांबला.

प्रॉटेस्टंट जगात चिठ्ठी पुन्हा डोके वर काढते ती जर्मनीतल्या हेर्नहुट गावी. काउंट झिन्झेंडॉर्फच्या आश्रयाला आलेल्या मोरावियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीने १७२८ पासून रोजचे एक वचन घरोघर पोहोचवायला सुरुवात केली. १७३१ पासून त्याचे छापील पुस्तक निघू लागले आणि ते आजही निघते. हे लोक मोठे प्रार्थनाशील आणि मोठे मिशनरी. पण नेमणुका, प्रवास, अगदी लग्नेसुद्धा ते चिठ्ठ्या टाकून ठरवत. तरुणांची कुरबुर वाढत गेली आणि १८१८ मध्ये लग्नासाठी चिठ्ठीची सक्ती उठवण्यात आली.

मोरावियनांच्या सहवासातून इंग्लंडमधल्या मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याने ही रीत उचलली. अमेरिकेतल्या जॉर्जियात असताना सोफी हॉपकी या तरुणीवर त्याचा जीव जडला. ४ मार्च १७३७ रोजी त्याने तीन चिठ्ठ्या केल्या: लग्न कर, यंदा विचार करू नको, पुन्हा विचारच करू नको. मित्राने तिसरी उचलली. आठच दिवसांत सोफीचे लग्न दुसऱ्याशी झाले आणि पुढे त्यावरून इतका बेबनाव झाला की वेस्लीला तो प्रदेश सोडावा लागला. या सगळ्यात सोफीचे मत कुठे होते, हा प्रश्न मला सुटत नाही. दोघांचा निर्णय एकाने चिठ्ठीवर सोपवला. त्याच्या आधीच्याच शतकात इंग्लंडमधले क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक लग्न करू पाहणाऱ्या जोडप्याला मंडळीसमोर बोलावत आणि काही वडीलधारी माणसे दोघांचीही चौकशी करून मन स्वच्छ आहे का ते पाहत. ती वाट जास्त ख्रिस्ती होती असे मला वाटते.

महाराष्ट्राशी सगळ्यांत जवळचा धागा जॉर्ज म्यूलरचा. ब्रिस्टलचा हा अनाथांचा बाप कोणापुढे हात न पसरता हजारो मुले सांभाळत असे. पण तारुण्यात, हाले विद्यापीठात शिकत असताना, मिशनरी व्हावे की नाही हे कळावे म्हणून त्याने चक्क लॉटरीचे तिकीट घेतले होते. थोडे पैसे लागले, तो होकार समजून त्याने अर्ज केला आणि अर्ज नाकारला गेला. पुढे त्याने सांगितलेली पद्धत अगदी वेगळी आहे: त्या बाबतीत आपली स्वतःची इच्छा उरणार नाही इतके मन मोकळे करायचे, नुसत्या भावनेवर विसंबायचे नाही, आत्म्याची इच्छा वचनातून शोधायची, परिस्थिती पाहायची, प्रार्थना करायची, मग बुद्धीला पटेल तो निर्णय घ्यायचा, आणि दोनतीनदा आणखी प्रार्थना केल्यावरही मन शांत राहिले तर पाऊल उचलायचे.

म्यूलरची ही साक्ष पंडिता रमाबाईंनी वाचली होती. हिंदुस्थानातही देवावर असा भरवसा टाकता येईल का, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून होता. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या उपासना-शिबिरात त्या पहाटे रानात एकांतात प्रार्थनेला गेल्या. त्यांच्याबरोबर ख्रिस्ताचा स्वीकार केलेल्या पंधरा मुली होत्या. पुढच्या शिबिरापर्यंत या संख्येचा वर्ग कर, म्हणजे दोनशे पंचवीस मुली दे, असे त्यांनी मागितले. पुण्यातल्या त्यांच्या संस्थेची ऐपत पाहता हे अशक्यच होते. तेव्हा यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायातले वचन त्यांना मिळाले: मला काही अवघड आहे काय? ते त्यांनी टिपून ठेवले.

लगेचच मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेले होते, उपासमार त्यांनी स्वतःच्या अंगावर सोसली होती. हातात पैसा नसताना त्या निघाल्या आणि तीनशे मुली आणायचे ठरवले. पुण्यात प्लेग असल्याने इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. तेव्हा दौंडच्या वाटेवर केडगावला आधीच घेतलेली फळबागेची जमीन उपयोगी पडली. मुक्ती मिशन असे उभे राहिले, आणि पुढच्या दुष्काळानंतर तिथल्या मुलीबायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. वचन, प्रार्थना, भोगलेले दुःख, डोळ्यांसमोरची गरज आणि अगोदरच घेऊन ठेवलेली जमीन, सगळे एकाच दिशेला बोट दाखवत होते.

आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती माणसांना हे शिकणे अधिकच अवघड गेले असणार. पत्रिका, मुहूर्त, कोकण-गोव्यात देवाच्या अंगावर कळ्यापाकळ्या लावून मागितलेला उजवा-डावा कौल, हे सगळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीचे होते आणि उत्तर लगेच मिळत होते. ते सोडल्यावर उरले वचन, प्रार्थना आणि वाट पाहणे.

नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी भाकितावर उडी मारली नाही. वाचले, पत्रव्यवहार केला, मनाशी झगडले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण लक्ष्मीबाईंसाठी तो वज्राघात होता. त्या वर्षानुवर्षे माहेरच्या माणसांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. टिळकांना मिळालेले उत्तर लक्ष्मीबाईंचे उत्तर नव्हते. पुढे त्या परतल्या, तरी सोवळे पाळून राहिल्या. जात देवाने केली नाही, माणसाने केली, हे एके दिवशी त्यांचे त्यांनाच विचार करता करता उमगले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी.