१९५४चा कर्णधार टेड व्हिटन नव्हता

ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणाऱ्या मेलबर्नच्या फुट्सक्रे क्लबने (आजचा वेस्टर्न बुलडॉग्स) १९५४मध्ये व्हीएफएल या तिथल्या लीगचं पहिलं विजेतेपद पटकावलं ते टेड व्हिटनच्या नेतृत्वाखाली, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. चूक समजण्यासारखी आहे. व्हिटन म्हणजे ‘मिस्टर फुटबॉल’, ३२१ सामने, आणि क्लबच्या मैदानालाच त्याचं नाव.

पण अंतिम सामन्याच्या दिवशी, २५ सप्टेंबरला, व्हिटन जेमतेम २१ वर्षांचा होता आणि संघातला एक साधा खेळाडू होता. कर्णधार होता चार्ली सटन. तोच प्रशिक्षकही! एकाच माणसाने मैदानात उतरून खेळायचं आणि डावपेचही आखायचे, ही पद्धत ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये तेव्हा रूढ होती.

सटन मुळात बचावपटू, ‘बॅक पॉकेट’चा, म्हणजे स्वतःच्या गोलपाशी कोपरा सांभाळणारा; अंगाने दणकट, धक्काबुक्कीला न कचरणारा. अंतिम सामन्यात मात्र तो पुढच्या फळीत खेळला आणि त्याने ३ गोलही मारले. जॅक कॉलिन्सचे ७. प्रतिस्पर्धी मेलबर्न संघ ५१ विरुद्ध १०२ गुणांनी (एका गोलचे ६ गुण), अक्षरशः दुपटीने हरला.

मग गोंधळ कुठून? १९५७च्या हंगामाच्या मध्यातच सटनला प्रशिक्षकपदावरून दूर करून ती जबाबदारी व्हिटनला दिली गेली. १९६१मध्ये व्हिटनने संघाला पुन्हा अंतिम फेरीत नेलं, पण हॉथॉर्नने हरवलं. पुढचं विजेतेपद थेट २०१६मध्ये. ६२ वर्षांत लोकांच्या आठवणीत दोन कर्णधार एक झाले, इतकंच.

सटनचं नाव क्लबने अगदीच पुसलेलं नाही. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं पदक त्याच्याच नावाचं आहे.