वेबसाइटच्या ऑटोमॅटिक नियमांमुळे येणारे नको असलेले मेल

साइटवर काही नवीन टाकलं, बदललं किंवा काढलं की आपोआप कुणालातरी मेल जावा म्हणून नियम लावलेला असतो, आणि त्या नियमातून गरज नसताना जे मेल येत राहतात ते हे. लोक याला स्पॅम म्हणतात पण स्पॅम नाहीये हे. स्पॅम बाहेरचा माणूस पाठवतो, हे मेल आपलीच साइट पाठवते, कारण कधीतरी आपण किंवा आधीच्या डेव्हलपरने तिला तसं सांगून ठेवलेलं असतं. म्हणून मेलबॉक्समध्ये फिल्टर लावून भागत नाही, नियमच शोधायला लागतो.

नियमाचे तीन भाग असतात: काय घडलं, कुठल्या अटीवर, आणि मग काय करायचं. ड्रुपल (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) च्या रूल्स नावाच्या जोडभागात, म्हणजे मॉड्यूलमध्ये, हे तिन्ही स्क्रीनवर वेगवेगळे दिसतात. घोळ बहुतेक वेळा मधल्या भागात असतो, म्हणजे अटच टाकलेली नसते.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाची साइट मी बघायचो. हळदीचा सौदा झाला की दुकानातला पोरगा लॉटवार भाव टाकायचा, आणि 'मजकूर सेव्ह झाला की शेतकऱ्यांना मेल' असा नियम होता. पोरगा आधी 'राजपुरी' लिहिणार, परत उघडून 'राजापुरी' करणार, मग पोत्यांचा आकडा चुकला म्हणून अजून एकदा सेव्ह, म्हणजे एका लॉटचे तीन मेल गेले आणि वाळव्याहून फोन आला की दादा भाव नक्की कुठला धरायचा. त्या माणसाने वर्षभर राबून हळद पिकवलेली असते, त्याला असं गोंधळात टाकणं मला अजिबात पटत नाही. उपाय असा की 'नवीन मजकूर सेव्ह झाल्यावर' आणि 'जुना मजकूर बदलल्यावर' हे दोन नियम वेगळे करायचे, आणि दुसऱ्यात जुना भाव आणि नवा भाव यांची तुलना टाकायची. भाव बदलला तरच मेल. मजकूर प्रकाशित आहे का ही अटपण हवीच, नाहीतर अर्धवट ड्राफ्टचेही मेल जातात.

मेल कधी येतो यावरूनही बरंच कळतं. रोज पहाटे साडेपाचच्या आसपास येत असेल तर माणसाने काही केलेलं नसतं, सर्व्हरचं क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) चाललेलं असतं, कारण बऱ्याच सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं आणि तिथले रात्रीचे १२ म्हणजे आपले ५:३०. वर्डप्रेस या साइट बनवायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं क्रॉन मात्र कुणीतरी साइट उघडली की मगच चालतं, त्यामुळे तिथे वेळ मागेपुढे होते.

एकच मेल दोनदा येत असेल तर जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडून दोन्हींचा मेसेज-आयडी, म्हणजे प्रत्येक मेलला मिळणारा वेगळा ओळख क्रमांक बघा. आयडी एकच असेल तर मेल एकदाच तयार झालाय, वाटेत फॉरवर्ड किंवा ग्रुपच्या पत्त्यामुळे दोनदा पोचलाय. वेगळा असेल तर दोनदा तयार झालाय, आणि अशावेळी पहिला संशय टेस्ट साइटवर (बदल करून बघायला ठेवलेल्या प्रतीवर) घ्यायचा. लाइव्ह साइटचा डेटाबेस कॉपी करून टेस्ट साइट बनवली की नियमपण कॉपी होतात आणि शेतकऱ्यांचे खरे पत्तेपण, आणि तिचं क्रॉन चालू राहिलं की ती गुपचूप मेल पाठवत बसते. त्याच 'शो ओरिजिनल'मध्ये रिसीव्हडच्या ओळींत मेल कुठल्या सर्व्हरवरून निघाला ते दिसतं.

सगळ्यात वाईट म्हणजे चक्र. साइट मेल पाठवते, समोरून सुट्टीचं ऑटो-रिप्लाय येतं, साइट त्याचं नवीन तिकीट (तक्रारीची नोंद) बनवते आणि परत मेल पाठवते. यासाठी २००४ च्या आरएफसी ३८३४ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) मध्ये ऑटो-सबमिटेड नावाचं हेडर, म्हणजे मेलच्या वरच्या माहितीतली ओळ दिलेली आहे, ती असलेल्या मेलला (तिथे 'नो' लिहिलेलं नसेल तर) साइटने आपोआप उत्तर द्यायचं नाही.

नियम सापडला की लगेच डिलीट करू नका, आधी डिसेबल करा, कारण त्याच नियमावर दुसरं काही अवलंबून असू शकतं. रूल्समध्ये लॉगिंगची सोय आहे, ती चालू करून एक लॉट सेव्ह केला की कुठला नियम चालला ते दिसतं. वर्डप्रेसमध्ये कॉमेंटचे मेल 'डिस्कशन' सेटिंगमधून बंद होतात.

मेल घेणाऱ्याने वैतागून स्पॅमचं बटण दाबू नये, साइटवाल्याला कळवावं, कारण तक्रारी डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या खात्यावर जमा होतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलंय. दुकानाची साइट तेवढी मोठी नसते, पण तिचे कामाचे मेलही मग स्पॅममध्ये पडायला लागतात. आणि साइटवाल्याने कंटाळून मेल पाठवणंच बंद करू नये, कारण पासवर्ड विसरल्यावरची लिंकसुद्धा त्याच वाटेने जाते.