पार्श्वभूमी : संस्थापक आहेत, 'प्रवर्तक' नाहीत

'कारट्रेड' या जुन्या-नव्या गाड्यांच्या ऑनलाइन बाजाराचे संस्थापक विनय संघी यांच्याविषयी बातमी आली की त्यांना काय म्हणायचं यावरून गोंधळ ठरलेला. कोणी मालक लिहितं, कोणी प्रवर्तक (प्रमोटर). कंपनी २००९ मध्ये त्यांनीच उभी केली, अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक तेच, गुंतवणूकदारांच्या प्रश्नांना उत्तरंही तेच देतात. तरी भागधारकांच्या तक्त्यात 'प्रवर्तकांचा हिस्सा' या ओळीसमोर शून्य असतं. ही छपाईची चूक नाही. ऑनलाइन गाडीविक्रीतली त्यांची सगळी कारकीर्द समजून घ्यायची तर या शून्यापाशी थोडं थांबावं लागतं.

आधी मागचं थोडक्यात. घर मुंबईतल्या डीलरशिपचं. शोरूममध्ये नवी गाडी न्यायला येणारा माणूस बहुतेकदा जुनी गाडी घेऊनच येतो, आणि तिची किंमत किती धरायची यावर नवीचा सौदा अडतो, हे अशा घरात वेगळं शिकवावं लागत नाही. तेव्हाचा जुन्या गाड्यांचा धंदा रविवारच्या छोट्या जाहिराती, ओळखीचा गॅरेजवाला आणि एजंट या तिघांवर चालायचा. 'सिंगल ओनर', 'डॉक्टरांची गाडी', 'इंजिन उघडलेलं नाही' ही त्या बाजाराची प्रमाणपत्रं. मीटर किती मागे फिरवलाय याचा अंदाज पेडलच्या झिजलेल्या रबरावरून घ्यायचा. नाव बदलण्याच्या कोऱ्या फॉर्मांवर विकणाऱ्याच्या सह्या घेतल्या जात आणि गाडी आरटीओत न जाताच दोनतीन हात फिरून येई.

या धंद्याला कंपनीचं रूप देण्याचे प्रयत्न २००० नंतर सुरू झाले. मारुतीने २००१ मध्ये 'ट्रू व्हॅल्यू' काढलं. दुसऱ्या एका मोठ्या वाहन उद्योगसमूहाने सर्व बनावटींच्या जुन्या गाड्या तपासून, हमी देऊन विकणारी कंपनी चालवली, आणि तिचे मुख्य कार्यकारी म्हणून आपल्या उद्योजकांनी काम केलं. तिथे काय दिसलं असेल ते पुढच्या पावलांवरून ताडता येतं. गाडी तपासायची, तिच्या किमतीचा अंदाज बांधायचा आणि तिला गिऱ्हाईक मिळवून द्यायचं, ही कामं फायद्याची. गाडी स्वतः विकत घेऊन आवारात उभी करणं जोखमीचं, कारण उभ्या गाडीची किंमत रोज उतरते आणि व्याज रोज चढतं.

'कारट्रेड'ची उभारणी या हिशोबावरच झाली. त्यामुळे त्यांच्या व्यवसायाला ऑनलाइन गाडीविक्री म्हणायचं की नाही, इथूनच वाद आहे. संकेतस्थळावर गाडी दिसते, पण ती कंपनीची नसते. पैसे येतात ते डीलरांच्या आणि वाहन उत्पादकांच्या जाहिरातींतून आणि लिलावाच्या दलालीतून. दलाली हा शब्द कंपनीला आवडणार नाही, पण मराठीत त्याला दुसरा नेमका शब्द नाही आणि त्यात कमीपणा मानायचंही कारण नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांनी आपल्याहून जुनं, २००५ पासून चालू असलेलं आणि नवी मुंबईतूनच वाढलेलं 'कारवाले' विकत घेतलं. ते तेव्हा एका जर्मन आणि एका भारतीय माध्यमसमूहाच्या हातात होतं. त्याबरोबर 'बाइकवाले'ही आलं. नवी गाडी घेण्याआधी ऑन-रोड किंमत पाहायची सवय एव्हाना लाखो लोकांना लागली होती, आणि त्या सवयीची किंमत उत्पादक मोजायला तयार होते. थोडक्यात, जुन्या गाड्यांच्या माणसाने नव्या गाड्यांचं गिऱ्हाईक विकत घेतलं.

२०१८ मधली खरेदी याहून कमी गाजली, पण माझ्या मते ती जास्त महत्त्वाची. हप्ते थकले की फायनान्सवाले गाडी ओढून नेतात, हे गावोगाव माहीत आहे. त्या ओढून नेलेल्या ट्रॅक्टर, ट्रक, रिक्षा आणि मोटारी यार्डात उभ्या राहतात आणि पुढे लिलावात जातात. हा लिलाव करणाऱ्या, ट्रक-फायनान्सच्या मोठ्या घराण्यातल्या कंपनीचा ५१ टक्के हिस्सा त्यांनी सुमारे १५६ कोटी रुपयांना घेतला. संकेतस्थळाच्या चकचकीत चेहऱ्यामागे धुळीने माखलेली यार्डं आली ती अशी. गाड्या बँकांच्या आणि वित्त कंपन्यांच्या, जोखीमही त्यांचीच. यांचा हातोडा आणि यांची दलाली. मंदी आली तर नव्या गाड्यांच्या जाहिराती आटतात, पण ओढून आणलेल्या गाड्या वाढतात.

मग महासाथ आली. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाच्या बीएस-६ निकषांमुळे नव्या गाड्या महागल्या होत्याच. २०२१ मध्ये चिपच्या टंचाईने त्यांच्यासाठी महिनोन्‌महिने थांबायची वेळ आली, आणि लोकल किंवा बसमध्ये शिरायची भीती वाटणारी माणसं जुन्या गाडीकडे वळली. या काळात गुरुग्रामच्या नव्या कंपन्या उलट्या दिशेने निघाल्या होत्या. त्या गाडी स्वतः विकत घेत, दुरुस्त करत आणि आपल्या नावाने विकत. गुंतवणूकदारांचा पैसाही तिकडेच जास्त वाहत होता. त्यांच्या शेजारी वाशीच्या 'कारट्रेड'ची ही दलाली जुनाट दिसत होती, पण ती नफ्यात होती. २०२०-२१ या वर्षात कामकाजातून उत्पन्न सुमारे २५० कोटी आणि निव्वळ नफा १०१ कोटी. त्या नफ्यात कराच्या समायोजनाचा मोठा वाटा होता, हे जाहिरातींत अर्थातच ठळक नव्हतं.

इथून वादाचा मुद्दा सुरू होतो.

९ ऑगस्ट २०२१ ला 'कारट्रेड'ची प्रारंभिक समभाग विक्री (आयपीओ) खुली झाली. किंमतपट्टा १,५८५ ते १,६१८ रुपये. जवळपास ३,००० कोटी रुपयांची विक्री आणि तीत नवा समभाग एकही नाही. जुन्या भागधारकांनी, त्यांतही मुख्यतः परदेशी गुंतवणूक निधींनी, आपल्याकडचे सुमारे १ कोटी ८५ लाख समभाग विकले. म्हणजे एकूण समभागांपैकी साधारण ४० टक्के. कंपनीच्या खात्यात यातला एक रुपयाही येणार नव्हता. अशा विक्रीला मराठी वृत्तपत्रांत 'आंशिक समभाग विक्री' म्हणतात, आणि त्या शब्दाने त्या आठवड्यात भलताच घोटाळा केला. वाचणाऱ्याला वाटावं की विक्रीचा काही अंश असा आहे आणि बाकीचा पैसा कंपनीत जाणार आहे. अंश होता तो भागधारकांनी विकायला काढलेल्या मालकीचा, विक्री मात्र संपूर्णच त्यांची होती. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी घरपोच जेवणाच्या एका कंपनीने ९,३७५ कोटींची विक्री केली होती. तीत ९,००० कोटी नव्या समभागांचे होते, म्हणून ही तुलना सगळ्यांच्या तोंडी आली.

टीका दोन बाजूंनी झाली. एक सरळ होती : आत असलेले बाहेर पडतायत, मग आम्ही आत का शिरायचं? कंपनीवर कर्ज नाही, हाताशी रोकड आहे, मग नवे समभाग काढायचे तरी कशाला, हे कंपनीचं त्यावरचं उत्तर. ते तर्काला धरून होतं, असं आता म्हणता येतं. तेव्हा ते पटवून घेणं अवघड होतं, कारण किंमतपट्ट्याच्या वरच्या टोकाला कंपनीचं मूल्य ७,४०० कोटींच्या घरात जात होतं आणि उत्पन्न होतं २५० कोटी.

दुसरी टीका त्या शून्याबद्दलची. कंपनी कायदा प्रवर्तक तीन खुणांनी ओळखतो : माहितीपत्रकात किंवा वार्षिक विवरणात ज्याचं नाव तसं दिलंय तो, कंपनीच्या कारभारावर ज्याचं नियंत्रण आहे तो, किंवा ज्याच्या सल्ल्याने संचालक मंडळ नेहमी वागतं तो. शेवटच्या खुणेला सूट आहे. केवळ व्यावसायिक नात्याने सल्ला देणारा माणूस प्रवर्तक ठरत नाही. या उद्योजकांचा हिस्सा वर्षानुवर्षांच्या गुंतवणूक फेऱ्यांनंतर एकेरी टक्क्यांत आला होता. म्हणून कंपनीने स्वतःला व्यावसायिक व्यवस्थापनाखालची, ओळखता येण्याजोगा प्रवर्तक नसलेली कंपनी म्हणून मांडलं. नियमांत ते बसत होतं.

शब्दाचं वजन असं की प्रवर्तक ठरलं तर बाजारात येताना किमान २० टक्के भांडवल ठरावीक काळासाठी अडकवून ठेवावं लागतं. ती मुदत तेव्हा सर्वसाधारणपणे तीन वर्षांची होती. आणि प्रवर्तकाला कर्मचारी समभाग-पर्याय (ईसॉप), म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे समभाग घेण्याचा कर्मचाऱ्यांचा हक्क, देता येत नाही. हिस्सा घटत गेलेल्या संस्थापकाला तो परत थोडा वाढवायचा असेल तर ईसॉप हाच सोपा रस्ता, त्यामुळे प्रवर्तक न ठरण्यात त्याचं हित असतं. टीकाकार म्हणाले, गाडी हाच माणूस चालवतोय, मग आरसी बुकावर कोणाचंच नाव का नाही? समर्थकांचं म्हणणं असं की पाच टक्क्यांच्या आतबाहेर हिस्सा असलेल्या माणसाला मालकाची बंधनं लावायची आणि मालकाचे अधिकार मात्र द्यायचे नाहीत, हा कुठला न्याय? मला दुसऱ्या बाजूचं म्हणणं जास्त पटतं. पण माहितीपत्रकाच्या शेकडो पानांत हे सामान्य गुंतवणूकदाराला समजेल अशा भाषेत कुठेच नव्हतं, आणि ही तक्रार खरी आहे.

गंमत तारखेची आहे. विक्री खुली होण्याच्या तीनच दिवस आधी, ६ ऑगस्टला, बाजार नियामक 'सेबी'च्या मंडळाने प्रवर्तकांच्या भांडवलाची अडकवणूक बहुतेक बाबतीत दीड वर्षावर आणायला मान्यता दिली होती, आणि 'प्रवर्तक' ही कल्पनाच सोडून 'नियंत्रण असलेली व्यक्ती' या कल्पनेकडे जायला तत्त्वतः होकार दिला होता. ज्या शब्दावरून इथे वाद पेटला होता, तो शब्दच निकालात निघण्याची भाषा त्याच आठवड्यात सुरू होती.

मागणी सुमारे २० पट आली. २० ऑगस्टला शेअर बाजारातली नोंदणी मात्र देकाराच्या १,६१८ रुपयांच्या खाली, १,६०० रुपयांना झाली आणि पहिल्याच दिवशी भाव आणखी घसरला. पुढच्या दीड-दोन वर्षांत तो देकाराच्या निम्म्याहूनही खाली गेला. २०२१-२२ मध्ये कंपनीने सुमारे १२१ कोटींचा तोटा दाखवला. त्याचं मोठं कारण त्याच समभाग-पर्यायांचा कागदी खर्च. रोकड त्यात गेली नव्हती. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं.

जुलै २०२३ मध्ये 'ओएलएक्स'चा भारतातला व्यवसाय घेण्याचं ठरलं. किंमत सुमारे ५३७ कोटी. दोन वर्षांपूर्वी 'आम्हाला पैशांची गरज नाही' म्हणणाऱ्या कंपनीने ते कर्ज न काढता दिले. या व्यवहारात छोट्या जाहिरातींचा बाजार आणि जुन्या गाड्या थेट विकत घेऊन पुढे विकण्याचा व्यवसाय, अशा दोन गोष्टी हाती आल्या. पहिली ठेवली. दुसरी त्याच वर्षाअखेरीस बंद केली. २००९ पासून जे टाळलं होतं ते खरेदीबरोबर आपसूक घरात आलं होतं, ते महिन्यांच्या हिशोबात बाहेर काढलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'व्रूम'ने ऑनलाइन गाडीविक्री थांबवली आणि मे महिन्यात ब्रिटनची 'काझू' प्रशासकांच्या ताब्यात गेली. दोघी स्वतः गाड्या विकत घेऊन विकणाऱ्या.

समभागाने १,६१८ रुपयांची रेघ पुन्हा ओलांडून पुढची मजल मारली ती २०२५ मध्ये. पहिल्या दिवशी घेऊन थांबलेल्यांना त्यासाठी साडेतीन वर्षांच्या आसपास वाट पाहावी लागली. मधल्या काळात विकून मोकळे झालेले किती, याचा हिशोब कोणी मांडत नाही.

'प्रवर्तक' हा शब्द नियमांतून गेलेला नाही. जून २०२५ मध्ये नियामकाच्या मंडळाने एक वेगळी वाट काढली : बाजारात येताना प्रवर्तक म्हणून नोंदवल्या जाणाऱ्या संस्थापकाला, निदान वर्षभर आधी मिळालेले समभाग-पर्याय ठेवता येतील. नव्याने बाजारात येणाऱ्या कंपन्यांच्या संस्थापकांना त्याचा उपयोग आहे. वाशीच्या या कंपनीच्या तक्त्यात त्या ओळीसमोर शून्यच आहे.