तडारोध चाचणी, डांबरी मिश्रणांची

रस्त्याच्या डांबरी थराला भेगा लवकर पडतील की उशिरा, याचा नमुना मोडून प्रयोगशाळेत घेतलेला अंदाज. येथे ‘डांबर’ म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उरणारे बिटुमेन. कोळशापासूनचे मूळचे डांबर निराळे, पण बोलीत दोन्हींना एकच नाव आहे आणि नोंदीतही तेच वापरले आहे.

बऱ्याच चाचण्यांचे मूळ अप्रत्यक्ष ताण चाचणीत आहे. मिश्रणाची चकती चाकासारखी उभी ठेवून वरून व खालून अरुंद पट्ट्यांमधून दाबतात. दाब उभा असला तरी मधोमध आडवा ताण निर्माण होतो आणि चकती उभ्या व्यासावर दुभंगते. भाराची दुप्पट, भागिले पाय (π), व्यास व जाडी यांचा गुणाकार, हे तिचे तन्यबल, म्हणजे ताण सोसण्याची ताकद.

हिच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. प्रचलित ‘ब्राझिलियन चाचणी’ हे नाव ब्राझीलचे अभियंता फर्नांडो कार्नेरो यांच्या देशावरून आले. रिओ दि झानेरो येथे रुंद रस्त्याच्या आड येणारे जुने चर्च रोलरवर सरकवण्याचा बेत होता. त्यासाठीचे काँक्रीटचे रोलर दाबून पाहताना ते उभे चिरतात, असे त्यांना आढळले, असे सांगतात. चर्च पुढे पाडले गेले, पद्धत उरली. जपानमध्ये आकाझावा यांनीही १९४३ च्या सुमारास हीच पद्धत मांडली. काही लेखक प्राधान्याचा वाद घालतात. परंतु ऐन युद्धकाळात दोघांचा संपर्क असणे संभवत नाही, म्हणून स्वतंत्र शोध मानणे अधिक सयुक्तिक वाटते. डांबरी मिश्रणांसाठी तिचा वापर साधारण १९६० च्या दशकात रुळला.

केवळ तन्यबलावर विसंबणे मात्र फसवे ठरते. जुने, कडक झालेले मिश्रण अनेकदा जास्त भार घेते आणि नंतर एकदम तुटते. म्हणून नव्या चाचण्या भार व दबणे यांच्या आलेखाच्या शिखरानंतरची उतरण वाचतात. टेक्सासमध्ये विकसित झालेल्या व २०१९ मध्ये अमेरिकी मानकात आलेल्या ‘आयडियल-सीटी’ चाचणीत १५० मिमी व्यासाची, ६२ मिमी जाडीची, सुमारे ७ टक्के पोकळी असलेली चकती २५ अंश से. तापमानाला मिनिटाला ५० मिमी वेगाने दाबतात. शिखरानंतर भार ७५ टक्क्यांवर येतो तिथला उतार जितका तीव्र, तितके मिश्रण ठिसूळ व भेगांना तोंड देण्याची क्षमता दाखवणारा निर्देशांक कमी. इलिनॉयमधील चाचणीत अर्धवर्तुळाकार नमुन्याला १५ मिमीची खाच देतात. हा आकार १९८४ मध्ये खडकांसाठी सुचवला गेला होता. टेक्सासच्याच ‘ओव्हरले’ चाचणीत दोन पट्ट्यांच्या जोडावर चिकटवलेला नमुना दर १० सेकंदांना ०.६३५ मिमी उघडून मिटवतात.

सोलापूर परिसरात या चाचण्यांना विशेष अर्थ आहे. मे महिन्यात हवा ४० अंशांपलीकडे जाते, काळा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यामुळे कंत्राटदार आणि अभियंते दोघांचेही लक्ष चाकोरीकडे, म्हणजे चाकांखाली थर दबून पडणाऱ्या पन्हळीकडे, असते. व्हीजी-४० सारखे घट्ट डांबर आणि ६० अंशांवरची मार्शल स्थिरता, म्हणजे तापलेला नमुना पेलू शकणारा कमाल भार (किमान ९ किलोन्यूटन), हे त्याचे उपाय. ही स्थिरता भेगांबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. हैदराबाद, विजयपूर, रत्नागिरीकडे जाणाऱ्या महामार्गांवर जड वाहतूक मोठी. त्यात गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या थंडीतल्या पहाटे, डांबर ताठर असताना, संथ गतीने जातात. भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी:३७-२०१८ मधील समीकरणानुसार थराच्या तळाशी ताणले जाण्याचे प्रमाण दुप्पट झाले, तर थकव्यापर्यंतचे (वारंवारच्या भाराने तडकेपर्यंतचे) आयुष्य सुमारे पंधराव्या हिश्श्यावर येते. त्याच मार्गदर्शिकेत मैदानी भागासाठी ३५ अंश हे तापमान धरले आहे. म्हणून सोलापूरसाठी २५ अंशांबरोबर ३५ अंशांवरही नमुने मोडावेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. नमुना ओव्हनमध्ये ८५ अंशांवर ५ दिवस ठेवून म्हातारा करण्याची रीतही येथे टाळू नये.

दुभंगलेल्या अर्धकांचे तोंड पाहण्यासारखे असते. बेसाल्टची खडी फुटून करडी दिसली, तर डांबराची पकड दगडाहून मजबूत होती. खडी अखंड आणि उघडी निघाली, तर पकडच सुटली. पाण्याने पकड किती घटते, हे भिजवलेल्या व कोरड्या नमुन्यांच्या तन्यबलांचे गुणोत्तर सांगते. त्याची किमान मर्यादा ८० टक्के आहे.

काळ्या मातीवरच्या रस्त्यांच्या कडेला उन्हाळ्यात लांबच लांब भेग पडते. ती मातीच्या आकुंचनाने वर येते. तिचे उत्तर चकतीत नसून भरावात आणि कडेच्या निचऱ्यात असते.